‘आई, हे मला येतं, फक्त आठवत नाहीये’

प्रश्न : माझी मुलगी १५ वर्षांची आणि मुलगा १२ वर्षांचा. चार वर्षांपासून दोघंही घरीच शिकतात. लांब सुट्टी संपली की मी नवं वेळापत्रक भिंतीवर लावते आणि तिसऱ्या दिवशी घरात रणकंदन माजतं. मुलगी दहाच्या आत उठत नाही. सुट्टीआधी नीट येणारं बीजगणित पार पुसलं गेलंय. लहान होते तेव्हा गोष्टी-खेळांनी सुरुवात व्हायची, आता त्याला दोघंही नाक मुरडतात. गाडी रुळावर कशी आणू?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि आमची भिंत आठवली. सात विषय, सात रंगांची स्केचपेनं, सकाळी आठ ते दुपारी दोन, चाळीस मिनिटांचा एक ‘तास’. (चाळीस मिनिटांना तास म्हणायची शाळेची खोड घरी शिकवतानाही सुटली नव्हती.) गुरुवारपर्यंत टिकलं ते. मुलगा तेव्हा १४ वर्षांचा होता. त्यानं शांतपणे विचारलं, “हे तू कोणाला विचारून केलंस?” राग आला मला, पण उत्तर काही सुचलं नाही.

आधी झोपेचं बोलू. मुलगी आळशी नाही हो. किशोरवयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं मेलाटोनिन हे संप्रेरक रात्री उशिरा वाढतं आणि मग झोपही उशिरा येते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते, म्हणजे रात्री एकला झोपलेली मुलगी नऊ-दहाला उठली तर हिशोब बरोबरच आहे. एकदम सातला उठवू नका. दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या, उठल्या उठल्या तिला उजेडात बसवा आणि रात्री फोन खोलीबाहेर ठेवा. तुमचाही.

आता बीजगणित. इथे मी स्वतः मोठी चूक केली होती. मुलीला वर्गसमीकरणं आठवेनात म्हणून घाबरून मी पहिल्या धड्यापासून पुन्हा शिकवायला घेतलं. तिसऱ्या दिवशी ती वही मिटून म्हणाली, “आई, हे मला येतं, फक्त आठवत नाहीये.” तिचंच खरं होतं. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ साली स्मरणावरचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे, काही काळ जाऊ द्यायचा, पुन्हा पाठ करायचे आणि वेळ मोजायचा. प्रयोगाला माणूस एकच, तो स्वतः. त्याचा विसरण्याचा आलेख पुष्कळांनी पाहिलेला असतो. मला धीर दिला तो दुसऱ्या गोष्टीनं : विसरलेलं पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागत होता. पुसलं गेलंय असं वाटतं तेव्हाही खाली काहीतरी उरलेलं असतं.

तेव्हा धडा शिकवू नका. गेल्या वर्षीची पाच गणितं कोऱ्या कागदावर द्या, पुस्तक बंद. अडेल तिथे तिनंच स्वतःची जुनी वही उघडायची. गुण द्यायचे नाहीत आणि मागे उभं राहून उसासेही टाकायचे नाहीत (हे मला फार जड गेलं). दोन दिवसांनी तशीच पाच, मग आठवड्यानं पुन्हा. माझ्या मुलीची गाडी दहा-बारा दिवसांत पूर्वपदावर आली. फक्त चिन्ह बदलायला ती विसरायची, पण ते सुट्टीआधीही विसरायचीच.

पहिल्या आठवड्यात एवढा एकच जड विषय, सोबत ज्याचं त्यानं निवडलेलं काहीतरी. दुसऱ्या आठवड्यात आणखी दोन विषय आले की पुरे. वेळापत्रक त्यांच्या हातून होऊ द्या. तुम्ही फक्त ठाम अटी सांगा : कोणते विषय व्हायलाच हवेत आणि तुम्ही कोणत्या वेळी मदतीला मोकळ्या आहात. माझ्या मुलानं विज्ञान रात्री नऊला टाकलं होतं. मी दात-ओठ खाल्ले, पण चाललं ते वर्षभर. धाकट्याला मात्र ताईच्या वेळेला जुंपू नका. बाराव्या वर्षी तो कदाचित अजून सकाळचाच पक्षी असेल. ती उठेपर्यंतचा तास त्याला एकट्याला द्या. मोठ्या बहिणीच्या सावलीत शिकणाऱ्यांना तो एरवी मिळत नाही.

आणि यंदाचं वेळापत्रक पेन्सिलीनं लिहा.