बेन सर्किट दुसऱ्याच्या ऑपरेशन थिएटरमधलं असेल तर

तुमचा प्रश्न असा : भूलशास्त्रात एमडी झाल्यावर कोल्हापुरात फ्रीलान्सिंग सुरू केलंय. सकाळी राजारामपुरीत, दुपारी गडहिंग्लजला. प्रत्येक ठिकाणी सर्किट (भुलीच्या मशीनपासून रुग्णापर्यंत वायू नेणाऱ्या नळ्या) वेगळं आणि काही ठिकाणी कॅप्नोग्राफ (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) नाही. मग तिथल्या बेनवर (नळीत नळी असलेल्या सर्किटवर) भरवसा ठेवावा का, आणि सर्कल (कार्बन डायऑक्साइड शोषून वायू पुन्हा फिरवणारं सर्किट) असेल तर ते जास्त सुरक्षित का?

बेन वापरायला काहीच हरकत नाही. पण त्याची आतली नळी स्वतःच्या हातानं तपासल्याशिवाय रुग्णाला जोडू नका. सिस्टर म्हणतील, "सकाळीच एक सिझेरियन झालं सर, चालू आहे." तरीही तपासा. सिझेरियन बहुधा स्पायनलखाली (पाठीत इंजेक्शन देऊन) झालेलं असतं. त्यात सर्किटची परीक्षा होतच नाही.

बेन आणि स्पोरेल यांनी १९७२ साली मेपलसन डी प्रकारच्या सर्किटमध्ये एक नळी दुसरीच्या आत घातली. ताजा वायू आतल्या नळीतून थेट रुग्णाच्या तोंडाशी येतो आणि उच्छ्वास बाहेरच्या नळीतून परत जातो. आतली नळी मशीनच्या टोकाला निसटली की ताजा वायू तिथेच बाहेरच्या नळीत सांडतो आणि जवळपास १.८ मीटरची सगळी नळी डेड स्पेस होते. रुग्ण स्वतःचाच कार्बन डायऑक्साइड पुन्हा पुन्हा ओढत राहतो. वरून मात्र सगळं ठीक दिसतं : बॅग भरते, दाबली की छाती उचलते. म्हणून मला हा दोष सगळ्यात घातक वाटतो.

छोट्या हॉस्पिटलांत तेच सर्किट धुऊन पुन्हा पुन्हा वापरतात. धुताना ओढलं जातं, वाळायला खिळ्यावर लटकतं, तिथेच आतली नळी सैल होते किंवा मुडपते. जोडावर चिकटपट्टी गुंडाळलेलं बेन मी पाहिलंय. असं दिसलं तर तपासत बसू नका, बाजूला काढायला लावा. बाहेरची नळी पारदर्शक असेल तर आधी डोळ्यांनी आतली नळी टोकापासून टोकापर्यंत बघून घ्या.

मग चाचणी. ऑक्सिजन ४ लिटरवर ठेवा आणि रुग्णाच्या बाजूचं आतल्या नळीचं तोंड २ मिलीच्या सिरिंजच्या दट्ट्यानं दोन-तीन सेकंद बंद करा. नळी शाबूत असेल तर फ्लोमीटरचा बॉबिन (प्रवाह दाखवणारा तरंगता खुंटा) खाली येतो, काही मशीनवर रिलीफ व्हॉल्व्ह फुसफुसतो. काहीच बदललं नाही तर वायू मध्येच कुठेतरी गळतोय. आतलं तोंड हाताला लागत नसेल तर पेथिकची चाचणी करा : एपीएल व्हॉल्व्ह (जादा वायू बाहेर सोडणारी झडप) बंद, रुग्णाचं टोक बंद, फ्लशनं (ऑक्सिजन एकदम जोरात सोडणाऱ्या बटणानं) बॅग भरायची, मग टोक उघडून पुन्हा फ्लश दाबायचा. नळी नीट असेल तर बॅग चपटी होते, निसटली असेल तर फुगलेलीच राहते. बारीक चीर असेल तर दट्ट्याची चाचणी जास्त बोलकी, त्यामुळे जमेल तिथे मी दोन्ही करतो. हे सगळं रुग्ण जोडण्याआधी. जोडलेल्या रुग्णावर फ्लश दाबून बघायचं नाही.

आता कॅप्नोग्राफ नसण्याबद्दल. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेसाठी कॅप्नोग्राफशिवाय श्वासनलिकेत नळी घालून भूल द्यायला मी स्पष्ट नकार देतो. तुम्हीही द्या, किंवा हातात मावणारा स्वतःचा घेऊन फिरा. पण रात्री इमर्जन्सीत अडकलात तर हे लक्षात ठेवा : भरपूर ऑक्सिजन चालू असताना सॅच्युरेशन ९९ दाखवत राहतं आणि कार्बन डायऑक्साइड तरीही चढत असतो. नाडी वाढते, बीपी वाढतं, कपाळावर घाम येतो, चेहरा लालसर होतो, सर्जन म्हणतात, "आज जरा जास्त ऊझिंग आहे." (म्हणजे रक्त जास्त पाझरतंय.) अशा वेळी भूल हलकी झाली समजून भुलीचा एजंट वाढवायचा मोह होतो. त्याआधी सर्किटकडे बघा.

फ्लोमध्ये कंजुषी नको. व्हेंटिलेट करत असाल तर ताजा वायू निदान ७० मिली प्रति किलो प्रति मिनिट, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ४.२ लिटर. स्वतः श्वास घेत असेल तर १५० ते २०० मिली, म्हणजे ९ ते १२ लिटर. निव्वळ ऑक्सिजन मिनिटाला १० लिटरनं सोडलात तर १५०० लिटरचा बी टाइप सिलिंडर अडीच तासांत रिकामा होतो. पावसाळ्यात गगनबावड्याकडे केस असेल तर निघण्यापूर्वी फोन करून किती सिलिंडर भरलेले आहेत ते विचारा. मुलांसाठी, २० किलोपर्यंत, जॅक्सन-रीस (शेपटीला उघडी बॅग असलेलं सर्किट) बरं. फक्त बॅगेची शेपटी मुडपलेली किंवा चादरीखाली दबलेली नाही ना, हे बघत राहा.

सर्कलनं वायू वाचतो, पण म्हणून ते आपोआप सुरक्षित होत नाही. व्हॉल्व्हच्या चकत्या ओलाव्यानं चिकटतात, तेव्हा श्वासागणिक दोन्ही उचलताहेत ना, ते पाहा. सोडालाइमचा (कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या दाण्यांचा) उडालेला रंग रात्रभरात परत येतो आणि सकाळी तो ताजा वाटतो, त्यामुळे बदलल्याची तारीख डब्यावर लिहायला सांगा. वाय-पीस (रुग्णाकडचा दोन नळ्यांचा जोड) बंद करून ३० सेंमी पाण्याइतका दाब १० सेकंद टिकतोय का बघा. आणि नव्या वर्कस्टेशनवर बेनसाठी वेगळ्या गॅस आउटलेटचा स्विच असतो. आधीच्या माणसानं तो बेनकडे ठेवलेला असेल आणि तुम्ही रुग्णाला सर्कलवर घेतलंत, तर ताजा वायू रुग्णापर्यंत पोचतच नाही.

सर्जन घाई करतात, मला माहीत आहे. पेशंट टेबलावर घेण्याआधी तुम्ही पंधरा मिनिटं लवकर पोचा, म्हणजे हा वाद होत नाही.

अँबू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची बॅग) डोक्याशीच ठेवा, कपाटात नको, आणि तीही दाबून तपासा. मध्येच बॅग कडक लागली किंवा छाती उचलेना, तर आधी सर्किट काढून अँबूवर घ्या. छाती नीट उचलली तर दोष सर्किटमध्ये किंवा फिल्टरमध्ये. अँबूही कडकच लागली तर ट्यूब आणि फुप्फुसाकडे वळा, सक्शन कॅथेटर घालून ट्यूब मोकळी आहे का ते पाहा.