गिटार गप्प, तरी ॲम्प बोलतोय

कार्यक्रमात ॲम्पमधून येणाऱ्या नको त्या आवाजांबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही आज घेतोय.

प्रश्न: घरी माझी गिटार शांत असते. स्टेजवर लाइट लागले की झर्रर्र सुरू होते. मी थोडा वळलो की कमी-जास्त होते. पिकअप बदलून टाकू का?

थांबा, अर्धं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. लाइट लागल्यावर येते, म्हणजे बहुधा डिमर. दिवा मंद करण्यासाठी डिमर विजेची प्रत्येक लाट मध्येच तोडतो. त्या तुटलेल्या कडांमुळे 50 किंवा 60 हर्ट्झच्या खर्जातल्या घूंऽ वर कर्कश झर्रर्र चढते. आणि वळल्यावर बदलते, म्हणजे ती पिकअपमधून, गिटारच्या तारांखालच्या चुंबकी भागातून, शिरतेय. सिंगल कॉइल जातीचा पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाएवढ्या तारेचे हजारो वेढे. ते गिटारच्या तारांची थरथर पकडतात, तशीच शेजारच्या ट्रान्सफॉर्मरची गुणगुणही पकडतात. त्यांना भेद कळत नाही.

साउंडचेक लाइट लावूनच करा. व्हॉल्यूम वर ठेवून, तारा हाताने दाबून, जागच्या जागी सावकाश एक गिरकी घ्या. एका दिशेला आवाज एकदम पडतो. तिथे जमिनीवर चिकटपट्टी लावा आणि गाण्यांमधल्या शांत जागी तोंड तिकडे ठेवा. ॲम्पपासून दोन पावलं लांब राहिलात तरी फरक पडतो. ॲम्पची वीज लाइटच्या सर्किटवरून घेऊ नका.

अलीकडच्या बऱ्याच स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आणि उलट ध्रुवाचा असतो. पिकअप निवडायचा स्विच 2 किंवा 4 वर नेलात की दोन कॉइल मिळून हम बराचसा खाऊन टाकतात. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी 1955 मध्ये ज्या हमबकर या दोन कॉइलच्या पिकअपसाठी पेटंटचा अर्ज केला, त्यातली युक्ती हीच. एवढं करूनही भागलं नाही, तर पिकअपचं बघू.

तांब्याच्या पट्टीने गिटारला आतून शील्डिंग, म्हणजे आडोसा, करावं का, असंही बरेच जण विचारतात. त्याने झर्रर्र कमी होते, पण चुंबकीय घूंऽ तांब्याची पर्वा न करता आत येते. मी स्वतः एकदा अख्खी रात्र जागून गिटारला आतून तांब्याने मढवलं होतं. सकाळी कळलं, दोष केबलमध्ये होता. म्हणून आधी गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणा. तरीही आवाज येतच राहिला, तर गिटारला हात लावू नका. चोर पुढे, केबल, पेडल (आवाजाचा रंग बदलणारी पायाखालची डबी) किंवा ॲम्पमध्ये आहे.

प्रश्न: तारांना हात लावला की आवाज बंद, उचलला की सुरू. गिटारचं अर्थिंग गेलंय का?

नाही, ते शाबूत आहे म्हणून तर असं होतं. तुमचं शरीर आसपासची विजेची भुणभुण गोळा करणारा अँटेना आहे. ब्रिजखालून एक बारीक वायर जॅककडे जाते. तारांना हात लावला की तुम्हीही त्या वायरीला जोडले जाता आणि शरीर उलट आडोसा बनतं. तारांना हात लावून काही होत नाही, पण जॅकच्या धातूला लावला की आवाज पडतो, असं असेल तर ती वायर सुटलीय. सोल्डरचा एक ठिपका, दहा मिनिटांचं काम.

मात्र हात लावल्यावर आवाज वाढत असेल, किंवा माइकला ओठ टेकताच झिणझिण्या येत असतील, तर वाजवणं तिथेच थांबवा. पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न: ॲम्पची लाइन मिक्सरला दिली की जाड घूंऽ येते. ॲम्पच्या प्लगची अर्थ पिन काढली की जाते, असं एकाने सांगितलं. खरंच जाते?

जाते. आणि कधी कधी वाजवणाराही जातो. 3 मे 1972 रोजी स्वान्सीमध्ये स्टोन द क्रोज बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे स्टेजवरच माइकचा शॉक लागून गेला. कारण अर्थिंगमधला दोष. ही पिन आवाजासाठी दिलेली नाही, तुमच्यासाठी दिलीय.

तुमच्याकडे ग्राउंड लूप झालाय. ॲम्पला एका सॉकेटमधून अर्थ मिळतो, मिक्सरला दुसरीकडून, आणि तुमची केबल त्या दोघांना पुन्हा जोडते. या गोल रस्त्यावरून फिरणारा करंट ऐकू येतो. मधे ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (लाइन मिक्सरला देणारी डबी) घाला आणि त्यावरचं ‘ग्राउंड लिफ्ट’ बटण दाबा. ते सिग्नलच्या केबलमधली जोड तोडतं, प्लगच्या अर्थिंगला हातही लावत नाही. जमलं तर ॲम्प आणि मिक्सर एकाच बोर्डावरून चालवा. झिणझिण्या येत असतील तर मात्र बटणाने भागणार नाही, जागेचं वायरिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

प्रश्न: एका अडॅप्टरवर पाच पेडल चालवतो. मागे बारीक शिट्टी ऐकू येते.

त्यात एखादं डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब (प्रतिध्वनी देणारं पेडल) असणार. त्याच्या आतल्या क्लॉकची कुरकुर सामाईक वायरीतून शेजाऱ्यांकडे पोहोचते. त्या एकालाच वेगळ्या अडॅप्टरवर घेऊन बघा. शिट्टी गेली, तर प्रत्येक आउटपुट खरोखर वेगळं असलेला पॉवर सप्लाय घ्या.

प्रश्न: या सगळ्यापेक्षा सरळ नॉइझ गेट लावला तर?

लावा, पण शेवटी. गेट म्हणजे दार. तुम्ही गप्प झालात की ते मिटतं. वाजवताना उघडं असतं आणि सुरांबरोबर घूंऽही बाहेर पडते. शिवाय लांबवलेला सूर विरत जाताना मोठा थ्रेशोल्ड (ज्या पातळीखाली दार मिटतं ती) त्याची शेपटी कचकन छाटतो. तारा दाबून आवाज जेमतेम बंद होईल एवढाच थ्रेशोल्ड ठेवा. गेट डिस्टॉर्शननंतर, डिलेच्या आधी. आणि गेन थोडा खाली आणा. तो सिग्नल दहापट करतो तेव्हा कचराही दहापट करतो. बँडबरोबर निम्म्या गेनवरही गिटार पुरेशी चावरी वाटते, असा माझा अनुभव.

प्रश्न: मधेच टर्र-टर्र-टर्र, मग थांबतं. कशामुळे?

खिशातला फोन. जुन्या टूजी नेटवर्कवर तो सेकंदाला सुमारे 217 वेळा सिग्नल फेकतो. विमान मोडवर टाका, किंवा लांब ठेवा.

प्रश्न: मित्राकडून जाडजूड केबल आणली, तरी घूंऽ वाढलीच!

जॅकचं टोपण फिरवून आत बघा. दोन सारख्या वायरी शेजारी शेजारी दिसल्या तर ती स्पीकर केबल आहे. तिला शील्ड नसतं, त्यामुळे गिटारला लावली की ती लांबच लांब अँटेना होते. मधे एक बारीक वायर आणि भोवती तांब्याची जाळी दिसली, तर केबल बरोबर आहे. मग त्या जाळीचा सोल्डर सुटलाय का, ते नखाने हलवून बघा.