मधमाशी चावून कुत्र्याचं तोंड सुजलं, डॉक्टरकडे न्यायचं की थांबायचं?

लॅब्रॉडॉरला मधमाशी चावली, अर्ध्या तासात थोबाड सुजलं, शेजारच्या काकांच्या सांगण्यावरून चुना लावला, आता सकाळपर्यंत थांबू का, असं तुम्ही विचारलंय. आधी तो चुना ओल्या फडक्याने पुसा आणि भरपूर पाण्याने धुवा. विष कातडीच्या आत गेलेलं असतं, चुना तिथवर पोचत नाही. कुत्रं मात्र तो चाटतं आणि जीभ भाजून घेतं. हे नाशिकमधल्या किती काकांना सांगायचं!

सूज दिसते म्हणून सगळे सुजेलाच घाबरतात. मखमलाबादकडच्या एका द्राक्षमळ्यातल्या कुत्रीचं उलटं झालं. ठिबकच्या गळतीवर पाणी प्यायला आलेल्या माशीवर तिने झडप घातली. तोंड अजिबात सुजलं नाही. दहाएक मिनिटांत दोनदा उलटी, मग पातळ शौच, मग ती वेलीखाली आडवी. खाली पडलेली द्राक्षं खाल्ली असतील, असं म्हणत घरच्यांनी हळद-दूध पाजायचा घाट घातला. संशय अगदीच चुकीचा नव्हता, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांची किडनी खरंच बिघडवतात. पण हिरड्या पांढऱ्या पडल्या होत्या, तिकडे कोणी बघितलंच नाही. दवाखान्यात पोचेपर्यंत तासभर गेला. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन आणि सलाईन मिळालं म्हणून वाचली. कुत्र्यांमध्ये तीव्र ॲलर्जीचा तडाखा बऱ्याचदा यकृत आणि आतड्यांवर बसतो, म्हणून सुरुवात उलटी-जुलाबाने होते. "गावठी कुत्र्यांना काही होत नाही" म्हणणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

म्हणून आधी हिरडी बघा. वरचा ओठ उचलून बोटाने दाबा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवी. हिरड्या काळ्या असतील तर खालच्या पापणीची आतली बाजू बघा. हिरडी फिकी, उलटी, जुलाब, लटपटणं, घरघर किंवा जिभेला-घशाला सूज, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच निघा. नुसतं थोबाड सुजलंय, कुत्रं शेपूट हलवतंय, पाणी पितंय, तर घरी लक्ष ठेवलं तरी चालतं. पहिला तास दर दहा मिनिटांनी हिरडी बघायची, रात्री दोन-तीनदा उठायचं. सूज डोळ्यांकडे किंवा गळ्याकडे सरकत असेल तर थांबू नका.

मधमाशीचा काटा कातडीत राहतो आणि विष सोडत राहतो. तो नखाने किंवा कार्डाने ताबडतोब खरवडून काढा. चिमटा शोधण्यात वेळ घालवू नका. गांधीलमाशी काटा सोडत नाही, पण पुन्हा पुन्हा डसते. मग बर्फ फडक्यात गुंडाळून दहा मिनिटं. ॲलर्जीवरची सेटिरिझिन गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, आणि सर्दीच्या मिश्र गोळ्या, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन तर मुळीच नको. ॲलर्जीच्या गोळीने खाज कमी होते, शॉक, म्हणजे रक्तदाब कोसळणं, थांबत नाही.

आग्या मोहोळ उठलं असेल तर वरचं घरी थांबण्याचं विसरा. पांडवलेणी, अंजनेरीच्या कड्यांजवळ कुत्रं मोकळं सोडणाऱ्यांना हे आधीच माहीत असायला हवं. डसल्याच्या वासाने आणखी माश्या येतात, म्हणून आधी तिथून लांब पळा, काटे नंतर. अनेक डंख असतील तर कुत्रं ठणठणीत दिसलं तरी न्यायचंच. रक्तपेशी फुटून किडनीवर ताण येतो आणि त्याची खूण एक-दोन दिवसांनीही दिसू शकते: लघवी लालसर किंवा कोऱ्या चहासारखी.

पग, बुलडॉगसारख्या बसक्या नाकाच्या कुत्र्यांना सुजेच्या बाबतीतही थांबण्याची सवलत नाही. आणि निघताना फोन करून ॲड्रेनलिन, ऑक्सिजन आहे का, रात्री कोणी असतं का, हे विचारून घ्या. नाशिकच्या द्वारका चौकातल्या गर्दीत अर्धा तास घालवून बंद शटरसमोर उभं राहायला नको.