रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० चे मागचे शॉकअप फार दणके देतात, नागपूरच्या रस्त्यांसाठी कोणते टाकू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रोज हिंगणा एमआयडीसीत ये-जा, रविवारी बायकोला मागे घेऊन रामटेक नाहीतर पेंच, गाडी चार वर्षं जुनी, स्पीडब्रेकरवर कंबरेत कळ जाते, आणि २५ हजार हाताशी आहेत तर मागच्या महागड्या शॉकअपची जोडी घ्यावी का.

माझ्याकडे हीच गाडी २०१९ पासून आहे. मानेवाड्याहून बुटीबोरीला रोजचं जाणं आहे, वजन जॅकेट-हेल्मेटसकट ९२ किलो. तुमचं दुखणं मी भोगलेलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो. भाऊ, मागची जोडी आत्ता घेऊ नका. आधी मोजमाप करा, मग पुढच्या स्प्रिंगा बदला, मागचं सगळ्यात शेवटी.

त्याच्याही आधी एक सकाळ गाडीच्या तब्येतीला द्या. मी शॉकअपची तक्रार घेऊन गेलो तेव्हा आमच्या मिस्त्रीने पहिला प्रश्न विचारला, "हवा कवा पाहिली होती?" मी पंपावर भर दुपारी हवा भरायचो. नागपुरात मे महिन्यात ४५ अंशांत गाडी चालवून आलेल्या टायरमध्ये सकाळच्या थंड टायरपेक्षा चार-पाच पीएसआय सहज जास्त दाखवतात. त्यामुळे गरम टायरमध्ये बरोबर आकडा भरला की सकाळी तो कमीच निघतो. मग आपण पुढच्या वेळी अंदाजाने जास्त भरतो आणि टायर दगडासारखा होतो. शंभर-दोनशे रुपयांचा साधा गेज घ्या आणि घरीच, गाडी बाहेर काढण्याआधी मोजा. मॅन्युअलमध्ये एकट्याचा आणि डबलसीटचा आकडा वेगळा दिलेला आहे, तो पाळा.

मग गाडी डबल स्टँडवर घ्या, पुढचं चाक उचलून धरायला कुणाला तरी सांगा आणि फोर्कची, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांची, खालची टोकं पुढे-मागे हलवा. हाताला कट-कट जाणवली तर कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग, ढिला आहे. हँडल सावकाश फिरवताना मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट गेलाच. मागे चिमट्याची, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याची, टोकं धरून डावी-उजवीकडे ढकला. तिथे खेळ असेल तर बुश बदला. हे दोन दोष असताना जगातला कुठलाही शॉकअप लावला तरी गाडी सरळ चालणार नाही. फोर्कच्या पाइपांवर तेलाचा ओघळ आहे का तेही बघा. कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांकडे जाणं-येणं असेल तर पाइपवर राख आणि धूळ बसून ऑइल सील लवकर कापली जातात. मी रोज सकाळी ओल्या फडक्याने पाइप पुसतो.

आता मोजमाप. आपण बसल्यावर सस्पेन्शन किती दबतं त्याला सॅग म्हणतात, आणि बाकी सगळं त्यावर उभं आहे. इंटरसेप्टरच्या पुढच्या फोर्कला ११० मिलिमीटरचा प्रवास आहे, मागच्या शॉकअपला फक्त ८८. आपण बसल्यावर त्यातला साधारण तिसरा हिस्सा दबावा. जास्त दबला तर खड्ड्यासाठी जागाच उरत नाही. फारच कमी दबला तर चाक खड्ड्यात खाली उतरू शकत नाही आणि गाडी टप्पे घेते.

आम्ही हे अंगणात केलं. पुढच्या फोर्कच्या पाइपला सीलला लागून एक झिप टाय बांधली. जॅकेट-हेल्मेट घालून मी हळूच गाडीवर बसलो, शेजाऱ्याने गाडी धरली, मी तसाच हळूच उतरलो. मग दोघांनी मिळून हँडलपाशी गाडी उचलली, चाक जमिनीवरून सुटलं, आणि बायकोने पट्टी लावून सील ते टाय अंतर वाचलं: ४६ मिलिमीटर. मागे चिमट्याच्या बोल्टपासून वर सीटच्या कडेला लावलेल्या चिकटपट्टीपर्यंत मोजलं. आधी डबल स्टँडवर चाक हवेत असताना, मग मी बसल्यावर, मग आम्ही दोघं बसल्यावर. एकटा असताना २२, दोघं असताना ४१.

हे आकडे पाहून माझं मत पालटलं. माझाही तोवर तुमच्यासारखाच समज होता की दणका मागून लागतो म्हणजे दोष मागचा. पण एकटा असताना मागचा भाग उंच राहत होता आणि पुढचा ४६ मिलिमीटर खाली बसलेला होता. म्हणजे गाडी कायम पुढे वाकून चालत होती, आणि माझं वजन मनगटांवर येत होतं. ब्रेक दाबला की फोर्क सर्रकन खाली जायचा आणि बायकोचं हेल्मेट माझ्या हेल्मेटवर टक्कन आदळायचं. ती चार वर्षं हे सांगत होती आणि मी ते तिच्या बसण्यावर ढकलत होतो.

फोर्कच्या आत काय आहे ते समजलं की पुढचा निर्णय सोपा होतो. या गाडीच्या फोर्कमध्ये एक पोकळ दांडी आहे, तिला ठरावीक भोकं आहेत, आणि सगळं तेल त्याच भोकांतून ये-जा करतं. फोर्क हळू दबला तर तेल आरामात निघून जातं, अडवायला कुणी नाही, म्हणून ब्रेकवर नाक खाली जातं. पण चाक एखाद्या कडेवर जोरात आपटलं तर तेवढं तेल त्या भोकांतून निघू शकत नाही. वेग दुप्पट झाला तर अडथळा जवळपास चौपट होतो, फोर्क क्षणभर काठीसारखा ताठ होतो आणि दणका थेट हातात येतो. बरेच मिस्त्री यावर जाड तेल टाकून देतात. त्याने नाक खाली जाणं थोडं कमी होतं, पण कडेवरचा दणका वाढतो. आपल्या शहरात तर तो नकोच आहे.

कारण आपले रस्ते सिमेंटचे आहेत. या रस्त्यांना साधारण साडेचार मीटरवर सांधा असतो. ताशी ६० किलोमीटरने गेलात तर सेकंदाला तीन-चार सांधे चाकाखालून जातात. आणि कॉलन्यांमधले स्पीडब्रेकर! इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गोलसर गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितला आहे, म्हणजे चाक त्यावर चढतं आणि उतरतं. आपल्या गल्ल्यांमध्ये तेवढीच उंची हातभर रुंदीत बसवलेली असते. १९४३ साली देशभरातले मुख्य अभियंते याच शहरात जमले आणि देशाचा पहिला वीस वर्षांचा रस्ते आराखडा ठरला, त्याला आजही नागपूर प्लॅन म्हणतात. अशा शहरात गतिरोधक तरी मापात असावेत असं मला मनापासून वाटतं.

म्हणून पुढे दोन गोष्टी करा. आपल्या वजनाला जुळणाऱ्या एकसारख्या वेढ्यांच्या स्प्रिंगा घ्या, आणि बजेटमध्ये बसलं तर दांडीच्या डोक्यावर बसणारा एम्युलेटर व्हॉल्व्ह. हा व्हॉल्व्ह सावकाश दबताना तेल अडवतो आणि जोराच्या दणक्याला स्वतःहून उघडतो. दोन्ही मिळूनही मागच्या चांगल्या जोडीपेक्षा खर्च बराच कमी येतो. तेल नवीन टाका, आणि ते नुसतं मिलिलिटरवर मोजू नका. स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून, वरच्या तोंडापासून तेलाची पातळी मोजायला लावा आणि दोन्ही पाय मिलिमीटरला मिलिमीटर सारखे करून घ्या. फोर्कची टोपी दाबाखाली असते, ती उडते. हे काम घरी करू नका, डोळ्यासमोर करून घ्या. माझ्या गाडीत यानंतर पुढचा सॅग ४६ वरून ३६ वर आला. त्याच रविवारी रामटेकला गेलो. गडावर चढताना वळणात ब्रेक सोडला तरी गाडी रेषा सोडत नव्हती, आणि परतेपर्यंत हेल्मेटचा टक्कन आवाज एकदाही आला नाही.

मागच्या शॉकअपबद्दल आता. इथे माझे पैसे वाया गेले आहेत, ते तुमचे जाऊ नयेत. पुढचं काम करण्याच्या आधीच्या वर्षी मी ऑनलाइन एक जोडी मागवली होती. दिसायला सुंदर, बाजूला गॅसची डबी, दोन-तीन ठिकाणी फिरवायची बटणं. विकणाऱ्याने माझं वजन विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. स्प्रिंग माझ्यापेक्षा बऱ्याच हलक्या माणसासाठी होती. बायको मागे आणि बॅगा लावलेल्या असताना उमरेड रोडवर एका डायव्हर्जनला शॉकअप तळाला जाऊन असा आपटला की तिने गाडी थांबवायला लावली. मग मी तो घट्ट करायच्या नादात रिबाउंडचं बटण जवळपास पूर्ण बंद केलं. त्याने गाडी अजून बिघडली.

रिबाउंड म्हणजे दबलेला शॉकअप परत वर येण्याचा वेग. बटण जितकं बंद कराल तितका तो उशिरा वर येतो. सेकंदाला तीन-चार सांधे येत असताना पहिल्या दणक्यातून तो अजून वर आलेला नसतो, तोवर दुसरा लागतो, मग तिसरा. प्रत्येक सांध्याला तो थोडा थोडा खालीच बसत जातो आणि वर्धा रोडवर दोन किलोमीटर गेलं की आपण तळाला टेकलेल्या शॉकअपवर बसलेले असतो. माणसाला वाटतं स्प्रिंग कडक आहे. मीही तसंच समजत होतो, खूप दिवस.

प्रीलोडचं, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची त्याचंही असंच आहे. मागच्या शॉकअपची खालची चकती पान्याने फिरवली की "शॉकअप कडक झाला" असं सगळे म्हणतात. स्प्रिंग तीच राहते, तिचा कडकपणा बदलत नाही. फक्त बसल्यावर गाडी किती उंच राहील ते बदलतं. मागे बसणाऱ्याचं जवळपास सगळं वजन मागच्या चाकावर येतं, म्हणून डबलसीट जाताना चकती एक-दोन घरं वर चढवा आणि सोमवारी हिंगण्याला एकटे निघताना परत खाली आणा. पान्याला दोन मिनिटं लागतात, दोन्ही बाजूला घर सारखं ठेवा. तुम्ही ती चकती डबलसीटसाठी वर ठेवून तशीच विसरला असाल, तर तुमच्या रोजच्या दणक्यांचा मोठा भाग तिथेच आहे.

हे सगळं झाल्यावरही दोघं असताना सॅग ४० च्या पुढे जात असेल, तर मागची जोडी जरूर घ्या. थायलंडची वायएसएस असो की स्वीडनची ओहलिन्स, विकणाऱ्याला दोघांचं वजन, सामान आणि रोज एकटे किती जाता हे सांगा, आणि स्प्रिंग त्याप्रमाणे मिळत नसेल तर घेऊ नका. नायट्रोजन भरलेला, रिबाउंड बदलता येणारा आणि उघडून दुरुस्त करता येणारा घ्या. नायट्रोजन दाबाखाली असला की तापलेल्या तेलाला सहज फेस येत नाही, आणि आपल्या उन्हाळ्यात त्याचा खरा उपयोग होतो. लांबी मूळ शॉकअपइतकीच हवी. दोन्ही बोल्टांच्या मधलं अंतर मोजून जुळवा, कारण मागून उंच झालेली गाडी हँडलला चंचल होते. बदलताना एका वेळी एकच बाजू काढा, म्हणजे चिमटा खाली लोंबकळत नाही.

लावल्यावर रिबाउंड कंपनीने सांगितलेल्या क्लिकवर ठेवा, सीट जोरात दाबून सोडा. गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे. झुलत राहिली तर एक क्लिक बंद, रेंगाळत वर आली तर एक क्लिक उघडा. मग रोज तोच रस्ता, तोच वेग, एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदल वहीत. मी रविनगर चौकातून वाडीपर्यंत जाऊन येतो. चार फेऱ्यांत कळतं. एक फेरी बायकोला घेऊन करा आणि तिला काही न सांगता विचारा, कारण मागच्या चाकाच्या जवळ तीच बसलेली असते.

पुढचा सॅग, मागचा एकट्याचा, मागचा दोघांचा आणि दोघांची वजनं इथे लिहा. आकडे हातात आले की स्प्रिंगचं बघू.