हँडब्रेकसाठी एफडी मोडायची का?

नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका वाचकांचं पत्र, थोडक्यात: "वय ५१, सातपूरला नोकरी, हातात महिना ८२,००० रुपये. घराचा हप्ता २४,०००, एसआयपी ८,०००. मुलगी इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, तिच्या पुढच्या दोन वर्षांच्या फीसाठी साडेचार लाखांची एफडी आहे. बाकी शिल्लक फारशी नाही. गाडी नोव्हेंबर २०१२ची डिझेल सेडान, मॅन्युअल गिअर, १ लाख २८ हजार किलोमीटर. हँडब्रेक बटणाचा. पाऊस सुरू झाल्यापासून सकाळी गाडी चालू केली की ब्रेकचा दिवा लुकलुकतो, दोनदा ब्रेक सुटलाच नाही. दुपारी मात्र काही त्रास नाही. मार्चमध्ये मागचे ब्रेक पॅड बदलले होते. सर्व्हिस सेंटरने मागचे दोन्ही कॅलिपर (ब्रेक पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारे भाग) आणि हँडब्रेकचं इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट धरून ७२,००० सांगितले. दीड लाखाच्या गाडीवर पाऊण लाख घालायचे का? एक्स्चेंजमध्ये १ लाख ६० हजार मिळताहेत. एफडीतले अडीच लाख आणि सहा लाखांचं कर्ज काढून १० लाख १० हजारांची नवी गाडी घ्यावी, असं घरात ठरत आलंय. ब्रेकचा खर्च विम्यात बसतो का?"

'ठरत आलंय' म्हणता म्हणजे शोरूमची फेरी झालेली दिसते. टोकन दिलं नसेल तर देऊ नका, पंधरा दिवस थांबा.

मी मेकॅनिक नाही. पण 'दुपारी मात्र काही त्रास नाही' या वाक्यापाशी मी थबकले. दोन्ही कॅलिपर आणि कंट्रोल युनिट एकदमच गेले असतील, तर ते जेवणाच्या सुट्टीत बरे कसे होतात?

बटणाच्या हँडब्रेकमध्ये बहुतेक सेडान गाड्यांत मागच्या प्रत्येक कॅलिपरवर एक छोटी मोटर असते. बटण ओढलं की ती स्क्रू फिरवून पॅड डिस्कवर दाबते. त्या दोन-तीन सेकंदांत ती करंट चांगलाच खाते. बॅटरी म्हातारी झाली असेल तर रात्रभर उभ्या गाडीत सकाळी स्टार्टर मारताना व्होल्टेज खाली बसतं, कंट्रोल युनिट घाबरतं आणि दिवा लावून मोकळं होतं. गाडी तासभर चालली, अल्टरनेटरने बॅटरी भरली, की सगळं सुरळीत. चांगली बॅटरी उभ्या गाडीत १२.६ व्होल्टच्या आसपास असते, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५. सकाळी बंद गाडीत १२.२च्या खाली दिसली तर संशय तिच्यावरच. बॅटरी किती वर्षांची आहे हे तुम्ही लिहिलं नाही. (अशाच दिव्यापायी माझ्या गाडीला एका गॅरेजने पाच आकडी एस्टिमेट दिलं होतं. शेवटी बॅटरी बदलली आणि दिवा गेला. तेव्हापासून कोटेशन आधी नि कारण मागाहून आलं की मी चहा मागवते.)

दुसरा संशय ओलाव्यावर. मागच्या चाकाजवळचे कनेक्टर चिखलपाण्यात राहतात, त्यांना हिरवट गंज चढतो. तिसरा ब्रेक पेडलच्या स्विचवर. पाय पेडलवर आहे हे गाडीला कळलं नाही तर ब्रेक सुटत नाही. हे फुकट तपासता येतं: घरातल्या कुणाला मागे उभं करा, पेडल दाबा, ब्रेकलाइट प्रत्येक वेळी लागतात का बघा. चौथी गोष्ट मार्चमधले पॅड. या प्रकारच्या ब्रेकमध्ये पॅड बदलताना स्कॅनरने सर्व्हिस मोड लावून मोटर मागे घ्यावी लागते. कुणी नुसता पिस्टन दाबून आत ढकलला असेल तर आतला स्क्रू दुखावतो आणि मग कॅलिपरचा खर्च खरोखर निघू शकतो. मात्र तुमचा त्रास पॅडनंतर लगेच नाही, पावसात सुरू झालाय, आणि तोही फक्त सकाळी. म्हणून हा संशय मी शेवटी ठेवते.

करायचं काय, तर द्वारका किंवा अंबड भागातल्या, स्कॅनर असलेल्या चांगल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जायचं आणि हजार-दीड हजारात फक्त निदान मागायचं. बॅटरी लोडवर तपासून घ्या, फॉल्ट कोड (गाडीने नोंदवलेले बिघाडाचे क्रमांक) कागदावर घ्या, पुसायला सांगा आणि चार दिवसांनी कोणता परत येतो ते पाहा. कमी व्होल्टेजचा कोड आला तर बॅटरी, साधारण आठ-दहा हजार. एकाच बाजूच्या मोटरचा आला तर त्या बाजूची वायरिंग आणि मोटर. बऱ्याच गाड्यांत मोटर दोन स्क्रूंवर सुटी निघते, अख्खा कॅलिपर लागत नाही. सर्व्हिस सेंटरलाही विचारा: कोड कोणता, आणि तीन वस्तूंपैकी प्रत्येक का? उत्तर द्यायला त्यांना जड जात असेल तर तेही उत्तरच.

आता पैसे. समजा माझं सगळं चुकलं आणि ७२,००० खरोखरच लागले. तुमच्या आरसीची मुदत नोव्हेंबर २०२७पर्यंत, म्हणजे साधारण दीड वर्ष. तेवढ्यात वाटले तर महिना ४,०००. नव्या गाडीचं सहा लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी धरलं, तर हप्ता १२,६०० आणि एकूण व्याज १ लाख ५६ हजार. त्यातलं पहिल्या अठरा महिन्यांचं व्याजच ७५,५०० रुपये होतं. दुरुस्तीचं सगळ्यात वाईट एस्टिमेट त्याहून कमी आहे, आणि नव्या गाडीची किंमत शोरूमच्या फाटकाबाहेर पडताच उतरते ती वेगळीच.

'दीड लाखाच्या गाडीवर पाऊण लाख' हे गणित विकणाऱ्याचं. तुम्ही गाडी वापरणारे. तुम्हाला महिन्याला ती किती खाते हे बघायचं.

शिवाय दोन हप्ते मिळून ३६,६०० होतील, हातात येणाऱ्या पगाराचे जवळपास ४५ टक्के. मुलीच्या फीच्या वर्षांत हे मला अजिबात पसंत नाही. एफडीला तर हातच लावू नका. तिची तारीख कॉलेजने ठरवलेली आहे. मुदतीआधी मोडली तर बहुतेक बँका व्याजात अर्धा ते एक टक्का कापतात, पण त्यापेक्षा ते अडीच लाख पुन्हा कधी साठतील, हा प्रश्न मोठा. दुरुस्तीला अगदीच कमी पडले तर तीन महिने एसआयपी थांबवा, २४,००० मोकळे होतात. हे मी सहसा सांगत नाही, पण हाताशी राखीव पैसा नसलेल्या घरात गाडीचं कर्ज घेण्यापेक्षा ते बरं.

तरीही जुन्या गाडीला कोरा चेक देऊ नका; ७२,०००चा हिशेब नव्या गाडीच्या कर्जाशी तुलनेपुरता होता. माझ्या मते यंदा ब्रेकसकट सगळ्या दुरुस्त्यांना ४०,००० ची मर्यादा घाला. निदानात फक्त ब्रेक निघाला आणि खर्च त्यात बसला तर करून टाका. त्याच वेळी क्लच, टर्बो, इंजेक्टर यांपैकी काही डोकं वर काढतंय असं मेकॅनिकने दाखवलं, तर गाडी विकायला काढा आणि नवी नको, चार-पाच वर्षांची छोटी पेट्रोल गाडी बघा. फक्त दिवा लुकलुकत असताना विकू नका. घेणारा त्या दिव्याचे दुरुस्तीपेक्षा जास्त पैसे कापतो. १ लाख ६० हजारांचा आकडा दिवा पाहून आलाय की न पाहता, हे विचारून घ्या.

पंधरा वर्षांनंतर फिटनेस आणि फेरनोंदणी करून गाडी आणखी पाच वर्षं चालवता येते. फेरनोंदणीचं शुल्क पाच हजार, वर पर्यावरण कर. दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांवरची बंदी दिल्ली परिसरातली, आपल्याकडे नाही, त्यामुळे कुणी ती भीती घालून भाव पाडू लागला तर ऐकू नका. मात्र मुदतीच्या अगदी तोंडावर गाडीला भाव राहत नाही. विकायची असेल तर २०२७च्या सिंहस्थाआधी विका.

विमा: नाही. झीज आणि यांत्रिक वा विद्युत बिघाड गाडीच्या पॉलिसीत बसत नाहीत, झिरो डेप (दाव्यात घसारा न कापणारी) असली तरी. अपवाद एकच: सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदरांनी वायर कुरतडलेली निघाली तर वायरला हात लावण्याआधी फोटो काढा आणि कंपनीला कळवा, काही पॉलिसींत तो दावा मान्य होतो.

निदान होईपर्यंत गाडी सपाट जागी, पहिल्या गिअरमध्ये आणि चाकामागे दगड लावून उभी करा. पायाचा ब्रेक वेगळा, हायड्रॉलिक असतो, त्यामुळे शहरात गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही. पण कसारा घाट नको आणि सप्तशृंगी गडाचा रस्ताही नको. गडावर जायचं असेल तर एसटीने जा.