ज्या मायक्रोवेव्हने प्लाझ्मा पेटवतात, त्याच मायक्रोवेव्हने तो मोजता येतो का?

टोकामॅक म्हणजे प्लाझ्मा (ज्यात इलेक्ट्रॉन अणूंपासून सुटे झालेले असतात असा वायू) चुंबकीय क्षेत्रात कोंडणारे यंत्र. त्यातील प्लाझ्मा ज्या मायक्रोवेव्हने तापवायचा तिनेच मोजायचा, हे कसे शक्य आहे, असे आपण विचारले आहे. सांगलीतील एका महाविद्यालयात माझ्या एम.एस्सी.च्या तोंडी परीक्षेत बहिःस्थ परीक्षकांनी जवळपास याच शब्दांत मायक्रोवेव्हने प्लाझ्मा मोजण्याचा माझा प्रकल्प निकालात काढला होता, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

१० गिगाहर्ट्‌झच्या मायक्रोवेव्ह बेंचवर दोन हॉर्न अँटेना (लहर सोडणारे व झेलणारे कर्णे) समोरासमोर ठेवून मी मध्ये साधी ट्यूबलाइट उभी केली होती. ट्यूब पेटली की डिटेक्टरची सुई खाली येई, विझली की पूर्ववत होई, कारण नळीतील मोकळे इलेक्ट्रॉन लहरीला अंशतः अडवतात. परीक्षक म्हणाले, हा चोकचा उपद्रव आहे. लांब वायर जोडून चोक खोलीबाहेर ठेवला तरी सुई तशीच हलते, हे मी प्रयोगवहीत तारखेनिशी नोंदवले होते. ती वही त्यांनी उघडलीच नाही आणि गुण मात्र कापले. ते चुकले होते, असे मी आजही म्हणतो.

चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉन दर टेस्लाला (टेस्ला हे त्या क्षेत्राचे एकक) सेकंदाला २८ अब्ज गिरक्या घेतात, आणि लहरीची वारंवारता त्या गिरक्यांशी किंवा त्यांच्या दुपटीशी जुळली तरच तिची ऊर्जा त्यांच्यात नीट उतरते. गांधीनगरजवळच्या भाट येथील प्लाझ्मा संशोधन संस्थेत एसएसटी-१ या टोकामॅकसाठी १.५ टेस्लाला ४२ गिगाहर्ट्‌झचा जायरोट्रॉन (शक्तिशाली मायक्रोवेव्ह निर्माण करणारी नळी) निवडला, तो याच हिशेबाने. फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या इटर या मोठ्या टोकामॅकमध्ये वायू फोडण्यासाठी, म्हणजे त्याचा प्लाझ्मा करण्यासाठी, मिळणारे विद्युतक्षेत्र मीटरला जेमतेम ०.३ व्होल्ट असल्यामुळे तेथे १७० गिगाहर्ट्‌झच्या, मेगावॉट शक्तीच्या जायरोट्रॉनची मदत घ्यावी लागणार आहे. मोजणारी लहर मात्र काही मिलिवॉटची आणि या जुळणीपासून दूर असते. प्लाझ्मातून जाताना तिची कला (फेज, म्हणजे लहरीच्या चढउतारातील स्थान) किती सरकली, यावरून इलेक्ट्रॉनांची घनता कळते, आणि प्लाझ्माला काही धक्का लागत नाही.

दोन गोष्टी मात्र मान्य करायला हव्यात. घनता घनमीटरला १० चा १९ वा घात इतकी झाली की सुमारे २८ गिगाहर्ट्‌झखालची साधी लहर (जिचे विद्युतक्षेत्र चुंबकीय क्षेत्राला समांतर असते ती) आत शिरत नाही, ती परावर्तित होते. तेव्हा वरची वारंवारता घ्यावी लागते. शिवाय जायरोट्रॉनची भरकटलेली शक्ती नाजूक डिटेक्टर जाळू शकते, म्हणून त्यापुढे ती नेमकी वारंवारता अडवणारा फिल्टर बसवतात. परीक्षकांनी ही शंका काढली असती, तर मी आनंदाने उत्तर दिले असते.

आपण हा ट्यूबलाइटचा प्रयोग करणार असाल, तर चोक आधीच खोलीबाहेर ठेवा आणि परीक्षकांना वही उघडायला न सांगता त्यांच्या डोळ्यांसमोर ट्यूब विझवून दाखवा.