मोटारी सुरू झाल्या की दिवे मंद, कधी एकदम लख्ख: दोष कशाचा?

तासगावकडच्या वस्तीवरून तुम्ही विचारलंय, की बागांच्या मोटारी सुरू झाल्या की घरातले दिवे मंद होतात आणि कधी एकदम लख्ख पेटतात, ते का? यात दोन वेगळे दोष दिसतायत.

मंद होण्याचं कारण साधं आहे. मोटार थेट लाइनवर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या पाच-सात पट करंट ओढते. बागांच्या मोटारी आणि घरं एकाच डीपीवर (वस्तीला वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरवर), त्यात वायर लांब आणि बारीक, म्हणजे शेवटच्या घराला व्होल्टेज कमीच मिळणार. व्होल्टेज २० टक्के घटलं तर मोटारीचा जोर जवळपास ३६ टक्के घटतो. मग ती जास्त करंट ओढते, तापते आणि जळते. मोटारीला योग्य कपॅसिटर (मोटारीला लागणारा काही करंट जागेवरच पुरवणारा भाग) बसवला तर लाइनवरचा भार थोडा हलका होतो. (कपॅसिटर काढून ठेवणारे बहाद्दर गावोगाव आहेत!)

दिवे लख्ख होणं मात्र धोक्याचं. बहुधा न्यूट्रल (करंट परत नेणारी तार) सैल किंवा तुटलेला आहे. मग तिन्ही फेजवरचा (वीज आणणाऱ्या तीन तारांवरचा) भार सारखा नसल्यानं एका घरात २३० ऐवजी ३०० व्होल्टच्या पुढे आणि शेजारी १५० असं होऊ शकतं. टीव्ही, फ्रिज तेव्हाच उडतात. साधा स्टॅबिलायझर इथे भरवशाचा नाही. असं दिसताच मेन स्विच बंद करा, वायरमनला बोलवा. डीपीवर स्वतः चढू नका.